काळं अंडं फेकू नकोस

ओलेना,

ईस्टरची अंड्यांची टोपली आशीर्वादासाठी घेऊन चर्चला जातेय. चुलीजवळचं काळं अंडं बिघडलेलं नाही, फेकू नकोस बाई! ते तुझंच आहे. काल मी त्याच्यावर तू मेणाने काढलेल्या क्रॉसला वाकडा म्हणाले आणि तू फणकाऱ्याने उठलीस, तेव्हा त्याला शेवटचा काळा रंग मीच दिला. आता मेणबत्तीशेजारी धर आणि नक्षीचं मेण वितळलं की फडक्याने पूस, म्हणजे मेणाखाली झाकलेले आधीचे सगळे रंग दिसतील. येशूच्या अखंड आयुष्याची, अंड्याला वेढा घालणारी रेघ तू अर्धवट सोडली होतीस, ती मी जुळवली. तुझ्या क्रॉसपेक्षा वाकडी झालीय. हसून घे.

मग अंडं घेऊन लगेच ये. टोपलीत मधली जागा रिकामी ठेवलीय. इतकी वर्षं तिथे माझं अंडं असायचं.

तुझी सासू