पोटाच्या डॉक्टरापायी सांगली

३ नोव्हेंबर, सोमवार

आज पकडलंच! जेवताना अर्धी भाकरी गपचूप कुत्र्याला टाकतात हे. म्हटलं, "कुत्रं माजलं आणि तुमी वाळला. काय दुखतंय ते बोला." तर म्हणे, "काय न्हाई, जरा जळजळतंय." जरा! सदरा खुंटीवर टांगल्यासारखा लोंबतोय अंगावर. लय खोदलं तेव्हा बोलले — परसाकडला काळं होतंय.

थोरल्या भावजींचं असंच सुरू झालं होतं. पोटाच्या कॅन्सरनं गेले. तो शब्द ना ह्यांनी काढला, ना मी.

गावातल्या डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं. म्हणाले, पोटाच्या मोठ्या डॉक्टरांकडं जा, तोंडातून दुर्बीण घालून बघावं लागेल. सरकारी योजनेचं कार्ड असलं तर कार्ड चालणारा दवाखाना शोधा. कार्ड आहे की! ऋषिराज मागच्या सुट्टीला आला तेव्हा बापाला धरून नेऊन काढलं त्यानं. आता पोरगं फौजेत, तिकडं बर्फात ड्युटीवर. त्याला कळवायचं नाही, असा ह्यांचा हुकूम.

५ नोव्हेंबर, बुधवार

हे एकटेच साताऱ्याला चौकशीला गेले. "चौकशीला दोगं कशाला?" म्हणे.

दुपारी परत. "साताऱ्यात पोटाचे डॉक्टर हायत, पण आपलं कार्ड न्हाई घेत. सांगलीला घेत्यात. दर गुरुवारी."

म्हटलं, सांगली तर सांगली. पण एकट्याला सोडणार नाही! "व्हय, तू यायलाच पायजेस." लगेच कबूल! एरवी मला बाजारापर्यंत न्यायचं तरी जिवावर येतं. भ्यालाय माणूस, दुसरं काय.

६ नोव्हेंबर, गुरुवार

हुश्श. पाय ठणकतायत, पण लिहिल्याशिवाय झोप नाही.

यष्टीत खड्ड्यांनी ह्यांच्या पोटात कालवतं म्हणून रहिमतपूरहून पॅसेंजर धरली. जन्मभर यष्टीचे ड्रायव्हर, त्यामुळे रेल्वेला नावं ठेवत बसले. "ह्येला काय डायव्हिंग म्हंत्यात व्हय? रूळ नेतोय तिकडं जायाचं!" समोरचा माणूस रेल्वेतलाच निघाला. मग काय, कराडपर्यंत दोघांची जुंपली. मी खिडकीतून ऊस बघत बसले.

ह्यांनी वर्षानुवर्षं सातारा–सांगली गाडी चालवली. मी त्या गाडीत एकदाही बसले नाही. कधी म्हैस व्यायला, कधी सासूबाई अंथरुणावर, कधी पोराची परीक्षा. जायचंच राहिलं.

दवाखान्यात कार्डाच्या खिडकीवर सई नावाची पोरगी. आरोग्यमित्र म्हणतात तिला. लय गोड. कार्ड बघितलं, अंगठा घेतला, "आजी, बसा निवांत." डॉक्टरीणबाई प्रियदर्शनी — पोरसवदाच, पण हात हलका. म्हणाल्या, पुढच्या गुरुवारी दुर्बीण. उपाशीपोटी या, पाणीसुद्धा नाही.

गाडीला वेळ होता. स्टेशनाबाहेर भडंग घेतलं. ह्यांना तिखट बंद, म्हणून मी एकटीनंच खाल्लं, त्यांच्या डोळ्यांदेखत! "बाई हाय का कोण!" म्हणाले. लय दिवसांनी हसले.

९ नोव्हेंबर, रविवार

ताकभात. दुखतंय.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज माझी जी फजिती झाली ती ह्या वहीशिवाय कुणाला सांगायची नाही!

पहाटे उठून आवरलं. ह्यांच्या तोंडात पाण्याचा थेंब जाऊ दिला नाही. चूळ भरायला उभे राहिले तरी पहारा. दवाखान्यात सईनं विचारलं, "आजोबांनी सकाळपासून काय घेतलं?" मी ऐटीत, "काय सुदीक न्हाई! कडकडीत उपाशी आणलंय." तिनं लिहायला पेन टेकलं आणि मी पुढं बोलले, "नुसतं उंबऱ्यात दही-साखर दिली हातावर."

पेन थांबलं. "आजी, दही?"

"अगं, चांगल्या कामाला निघालेला माणूस, बिनदह्याचा कसा बाहेर काढू?"

ती हसता हसता खुर्चीवरून पडायची राहिली. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, त्याही हसल्या. पण दुर्बीण रद्द. दह्यावर घालत नाहीत, धोका असतो म्हणे. परत पुढचा गुरुवार! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ह्यांना म्हटलं, "तुमाला तरी कळू नये? चाटून मोकळे!" तर म्हणे, "बायकूनं हातावर ठेवलं, न्हाई कसं म्हणू?" एवढे गुणी कधीपासून झाले?

मग दिवस मोकळा. म्हणाले, चल. गणपतीला नेलं. केवढं मोठं देऊळ, केवढं स्वच्छ! मी डोळे मिटून एकच मागितलं. ते काय, ते लिहीत नाही. मग कृष्णेच्या घाटावर पाय पाण्यात सोडून बसलो. आयर्विन पूल दाखवला, "ह्या पुलावरनं किती येळा गेलोय, मोजदाद न्हाई." घाटावर एका फोटोवाल्या पोरीनं विचारलं, "काका, काकूंच्या खांद्यावर हात ठेवा ना." ह्यांनी इकडं तिकडं बघितलं आणि ठेवला की! भर घाटावर! मी लाजून अर्धी झाले.

देवा, दुखण्यापायी आलोय आणि मला मजा वाटतेय. माफ कर बाबा.

२० नोव्हेंबर, गुरुवार

दुर्बीण झाली. आज दही नाही, नुसता नमस्कार.

आत नेताना माझ्याकडं वळून बघितलं ह्यांनी. ते बघणं नको वाटलं. मी बाहेर बसून रामरक्षा म्हणत होते, मधेच विसरले, पहिल्यापासून म्हटली, परत तिथंच विसरले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जखम आहे. तुकडा तपासायला पाठवलाय. पुढच्या गुरुवारी कळेल.

येताना गाडीत ह्यांनी रेल्वेलासुद्धा नावं ठेवली नाहीत.

२३ नोव्हेंबर, रविवार

ऋषिराजचा फोन. "बाबा कसे हायत?" "ठणठणीत!" ओरडून सांगितलं ह्यांनी. मी आत जाऊन रडले.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

कॅन्सर नाही! नाही, नाही, नाही!

साधा अल्सर! डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलं, मी तिसऱ्यांदा सांगायला लावलं. क्लच दाबून दाबून ह्यांचे गुडघे गेलेत, तर हे मेडिकलमधून दुखायच्या गोळ्या आणून उपाशीपोटी, नुसत्या चहावर खात होते. चोरून! माझ्या घरात! बाईंनी फैलावर घेतलं, "आजोबा, गोळ्या बंद म्हणजे बंद." मान खाली घालून "व्हय, व्हय." मला लय बरं वाटलं. तिकडं सई टाळ्या वाजवत होती.

औषध दिलंय, नेमानं घ्यायचं. सगळं कार्डावर झालं. बाहेर येऊन हे दवाखान्याच्या पायरीवर मटकन बसले आणि रडले. मीही बसले. येणारे-जाणारे बघत होते, बघू देत.

गणपतीला जाऊन नारळ फोडला. घरी पोचल्याबरोबर ऋषिराजला फोन करून सगळं सांगितलं. आधी चिडला, मग तोही रडला. आज ह्यांनी अख्खी भाकरी खाल्ली दुधात कुस्करून. कुत्रं बिचारं दारात वाट बघत बसलेलं!

२९ नोव्हेंबर, शनिवार

शेजारची धोंडुबाई बघायला आलेली. हे रानात. म्हणाली, "आवं वैनी, सांगलीला कशाला हेलपाटं घातलं? माज्या भावाची दुर्बीण साताऱ्यातच झाली की, ह्याच कार्डावर. तुमच्या मालकांनीच, आकारामदाजींनीच तर दवाखाना दाखवला त्येला. चौकशीला आल्ते, त्याच बुधवारी."

हे आल्या आल्या विचारलं. आधी चपला झटकत बसले. मग म्हणाले, "सातारा तुजं बघितल्यालं हाय. मला वाटलं, मी काय आता ऱ्हात न्हाई. जाण्याआदी तुला सांगली दावावी."

शिव्या द्यायला तोंड उघडलं आणि पदरानं डोळे पुसले. मग म्हटलं, मरणाच्या भ्यानं सांगली दावली, आता जित्या माणसासारखं नरसोबाची वाडी दावा!

"येत्या गुरुवारी," म्हणाले.