कोठीच्या खोलीतलं लाल नाव

ता. ९ जाने. ७२, रवि.
कोठीची खोली आज रिकामी केली. ज्वारीची पोती ओसरीवर आली, ह्यांच्या बसायच्या जागेवर, म्हणून हे सकाळपासून फुगलेत. फुगू दे. पोटच्या लेकीचं पहिलं बाळंतपण आहे. सुमन धुळ्याहून आली तेव्हापासून मला घर पुरत नाही. खिडकीला लढाईच्या वेळचे काळे कागद अजून तसेच होते, ब्लॅकआऊट संपला तरी कुणी काढले नव्हते. खळ लावून चिकटवलेले. ओल्या फडक्यानं भिजवून नखांनी खरवडले. ऊन आत आलं तर खोली केवढी मोठी वाटली. इतकी वर्षं तिथं पोती नि उंदीर.
नखं ठणकतात. पुरे.

ता. १२, बुध.
चुन्यात नीळ टाकून दोन हात दिले. डोळ्यांना कसं गार वाटतं. अप्पा पेंटरला बोलावलं. तो ट्रकच्या मागं मोर काढतो तो. मागं इंजिनिअरीणबाईंकडं हळदीकुंकवाला गेले होते, तेव्हा पाहिलं होतं. त्यांच्या बाळाची खोलीच वेगळी, भिंतीवर पोपट, चांदोमामा, नि मधोमध बाळाचं नाव, रंगीत. चहा हातात गार झाला माझा. तेव्हापासून मनात होतं.
अप्पा विचारतो, "काय नाव लिखू माय?" म्हटलं, विजय लिही. लढाई जिंकलो आपण, घरोघर विजयच होणार. तो हसला. "पोऱ्या व्हई हाई कोनी सांगं तुम्हले?"
म्हटलं, मुलगाच होणार, तू तुझं काम कर.
हे म्हणाले, नाव ठेवायचा मान आत्याचा, तुझा नाही. जन्माच्या आधी तयारी करू नये असंही म्हणाले. पोती आत असती तर म्हणाले नसते.

ता. १४, संक्रांत
नाव झालं. लाल ऑइलपेंट, हातभर अक्षरं, भोवती हिरवी वेल. मी दुसरीपर्यंत शिकलेली, बारीक छापलेलं लागत नाही मला, पण हे दारातून लागतं. येता जाता वाचते. हसू येतं.
सुमन कमरेला हात लावून दारात उभी होती, तिळगूळ खात. म्हणाली, "आई, मुलगी झाली तर?"
मी म्हटलं, शुभ बोल.
तिनं उरलेला तिळगूळ वाटीत परत ठेवला.

ता. २२, शनि.
पाळणा माळ्यावरून काढला, चिंचेनं कड्या घासल्या. ह्याच पाळण्यात सुमन झोपली. पाळण्यावर टांगायचं चिमणाळं शिवलं, जुन्या इरकलीच्या चिमण्या, पोटात कापूस. एक चिमणी जाडी झाली, बाकीच्या तिच्या बाजूला कलतात. शेजारच्या गोदाअक्का म्हणतात ही तुमच्यावर गेलीय. डिंक भाजला. खोलीत डिंकाचा नि रंगाचा वास एकत्र. आता फक्त येणाऱ्याची वाट.

ता. ३०, रवि.
मुलगी. सकाळी, दवाखान्यात. दोघी सुखरूप.
लिहू की नको. नर्सनं दाखवली, एवढंसं तोंड, डोक्यावर दाट जावळ. नि माझ्या तोंडून निघालं, "असू दे गं, पुढच्या वेळी."
सुमननं भिंतीकडं तोंड केलं.
असं कसं बोलले मी. मनात तसं नव्हतं. मनात नव्हतं तर मग

ता. १ फेब्रु., मंगळ.
ती घरी यायच्या आत भिंत पुसायची. चुन्याचे तीन हात मारले नावावर. ओला होता तोवर वाटलं गेलं. वाळला तर गुलाबी होऊन आतून वर आलं, वेलीसकट. अप्पाला गाठलं. तो म्हणे, "ऑइलपेंट शे माय, वर चुना टिकाव नही." पत्र्यानं खरवडायला लागेल, पोपडे निघतील, धूळ होईल. ओल्या बाळंतिणीच्या खोलीत धूळ कशी करणार. हिरवी साडी टांगली त्यावर, खिळे मारून. खोली मांडवासारखी दिसते.
पोरगी काय गोड आहे. बघून आले. झोपेत ओठ हलवते.

ता. ४, शुक्र.
आल्या. मीठमोहऱ्या ओवाळल्या, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. सुमननं खोलीत पाऊल टाकलं, साडीकडं पाहिलं, एक टोक उचललं, पाहिलं, सोडून दिलं. मग पाळणा फिरवून घेतला. आता बाळाची पाठ त्या भिंतीकडं.
मी म्हटलं, अगं उजेड ह्या बाजूनं चांगला येतो. ती म्हणाली, "असू दे."
माझाच शब्द.
तेल मी लावते. पायाला लावताना हसते, म्हणजे वात असेल, पण मी हसणंच धरते. ह्यांनी तिला 'कलेक्टर' नाव ठेवलंय, कारण सगळं घर तिच्या हुकमानं उठतं. दिवसातून चारदा पाहायला येतात. पोत्यांबद्दल चकार शब्द नाही.

ता. १०, गुरु. बारसं
धुळ्याहून विहीणबाई, सुमनची नणंद वत्सला, जावई. पुरणपोळ्या, बायका, गाणी. वत्सलानं कानात नाव सांगितलं, मनीषा. छान आहे. मी दोनदा म्हणून पाहिलं.
घुगऱ्या वाटत होते तर कुणाचा तरी पदर खिळ्याला अडकला नि साडी अर्धी खाली आली. गुलाबी 'विज' दिसत होतं. मी धावले. विहीणबाई वाचून मोकळ्या. आधी कळलं नाही त्यांना, मग कळलं. मोठ्यानं नाही बोलल्या, हसून बोलल्या:
"आमच्याकडं मुलगी झाली म्हणून कुणी काही बोललं नसतं हो, सुमन. तुझ्या माहेरचीच भिंत बोलली."
बायका हसल्या. जावई चपला शोधायला बाहेर गेले. सुमननं पोरीला उचलून छातीशी धरलं नि मान खाली.
आता हे वाक्य धुळ्याला जाणार. दुसऱ्या बाळंतपणापर्यंत पुरेल, पुढंही पुरेल. पोरगी सासरी पाठवताना डबे, लाडू, झबली देतात. मी हे दिलं.


ता. १८, शुक्र.
सु. माझ्याशी हो-नाही एवढंच बोलते. काढा घेते, शेक घेते, 'ठेव तिथं' म्हणते. गोदाअक्का सांगतात बाळंतिणीचं असंच असतं, मनावर घेऊ नका. त्यांना काय माहीत दवाखान्यात मी काय बोलले. कुणाला सांगितलं नाही. ह्यांनाही नाही.

ता. २६, शनि.
आज आंघोळ घालताना पोरीनं माझ्याकडं टक लावून पाहिलं. मीच नजर काढून घेतली. एवढ्याशा जिवाला काय कळतं. पण काढली.

ता. ५ मार्च, रवि.
सव्वा महिना होत आला, बुधवारी जावई न्यायला येणार. आता धुळीची भीती नाही म्हणून सकाळीच अप्पाला बोलावलं. पत्रा, भिजवलेला चुना, सगळं घेऊन दारात उभा. मी सुमनला म्हटलं, तू पोरीला घेऊन बाहेर बस जरा, आज ते काढून टाकू. दिवाळीत याल तेव्हा भिंत कोरी असेल. याल ना?
ती झबल्यांच्या घड्या घालत होती. हातातलं झबलं घडी करून ठेवलं. मग म्हणाली, "काढू नकोस."
म्हटलं, अगं, कशाला ते.
"पाच-सहा वर्षांत ती वाचायला लागेल. विचारेल, आजी, हे कुणाचं नाव. तूच सांग तिला. मी नाही सांगणार, सासूबाईंनाही सांगू देणार नाही."
रागावून नाही म्हणाली. त्यानंच जास्त लागलं. दिवाळीचं हो म्हणाली की नाही ते कळलंच नाही मला. परत विचारायचा धीर झाला नाही.
अप्पाला चहा दिला नि पाठवला. तो पत्रा बगलेत मारून गेला.
दुपारी सु. झोपली तेव्हा साडी बाजूला सारली, पोरीला मांडीवर घेतलं, त्या भिंतीसमोर बसले. एकदा बोलून तर पाहू म्हटलं, आत्ता तिला कळणार नाही तोवर. "मनीषा, हे जे गुलाबी दिसतं ना, ते तुझ्या आजीनं"
एवढंच आलं. पुढं…