थ्रॉटलखालचा स्क्रू

गुरुवार, ३ ऑक्टोबर

अबू रामीने फसवलं, दुसरं काय. दुकानात त्याने खोक्यातून विमान उडवायच्या सरावाची स्टिक आणि वेगाचा थ्रॉटल काढून दाखवले तेव्हा मी नुसता हात लावून पाहिला. घरी आणून टेबलावर बसवले, कॉम्प्युटरला जोडले, पडद्यावरचं विमान सुरू केलं आणि कळलं. स्टिक हलवायला खांद्यापासून जोर लागतो. थ्रॉटल आधी अडून बसतो, मग एकदम सुटतो. धावपट्टीवरून उठले ती थेट डोंगरात.

माझा भाऊ कुतैबा दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "छान. प्रवाशांनी जिना चढतानाच कलमा म्हणून घ्यायचा."

मी दार लोटून घेतलं.

शनिवार, ५ ऑक्टोबर

पुन्हा अबू रामीकडे. खोक्यावरची चिकटपट्टी दोनदा लावलेली आहे, हे मी काल नीट पाहिलं होतं. म्हटलं, "काका, कुणाचं परत आलेलं माझ्या गळ्यात मारलंत?"

"पोरी, नवंकोरं आहे म्हणून तर असं आहे. नवी चप्पल चावत नाही का? चार दिवस पायात घाल, मग येऊन भांड माझ्याशी."

मग म्हणाला, रिकामी असशील तेव्हा स्टिक नुसती गोल गोल फिरवत बस, आतली सांधी आपोआप बसते. थ्रॉटलच्या खाली छोटा स्क्रू आहे, तो किल्लीने सैल करता येतो. तरी नाहीच जमलं तर उघडून आत सिलिकॉनचं ग्रीस, बोटाच्या टोकावर मावेल एवढंच. "आणि आईच्या स्वयंपाकघरातलं तेल ओतू नकोस हं. प्लास्टिक खातं ते."

गोड बोलणारा माणूस. गोड बोलणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

संध्याकाळी बाबा बातम्या बघतात, तेव्हा मी स्टिक मांडीत घेऊन फिरवत बसते. बाबा म्हणाले, "हदील, काय दळतेस?"

आई म्हणाली, "आपलं नशीब दळतेय ती. कुवेतचा मुलगा लग्नाला हो म्हणून बसलाय आणि हिला विमान चालवायचंय. नवरा घरात आणि बायको ढगात! कोण करून घेईल?"

"आई, आधी परीक्षा तर होऊ दे."

"माझे आई, परीक्षेचीच तर भीती आहे मला. पास झालीस तर?"

कुतैबा सूर्यफुलाच्या बिया सोलत होता. मान वर केली नाही त्याने. परीक्षेचा विषय निघाला की तो असाच होतो. दोन वर्षांपूर्वी वैमानिकांची हीच निवड परीक्षा त्याने दिली होती. लेखीत पास झाला, हाताच्या चाचणीत पडला. माहितीपत्रकात लिहिलंय, पडद्यावर एक ठिपका पळत असतो, उजव्या हातातल्या स्टिकने त्याच्यावर फुली धरून ठेवायची आणि डाव्या हाताने थ्रॉटल सांभाळून वेगाचा काटा हलू द्यायचा नाही. एवढंच. पण तो लोकांना सांगतो, डोळ्यांमुळे नाकारलं. घरात आम्हीही तेच सांगतो. बाबा त्या दिवसापासून त्याच्याशी कामापुरतंच बोलतात.

माझा लेखी पेपर झाला आहे. हाताची चाचणी नोव्हेंबरच्या शेवटी.

रविवार, १३ ऑक्टोबर

आज जमलं! कामावरून, रक्ततपासणीच्या लॅबमधून आल्यावर थ्रॉटलचा स्क्रू थोडा सैल केला. स्टिकची रबरी टोपी वर ओढून सांध्यात ग्रीस लावलं, जास्तीचं कापसाने पुसून काढलं. आता मनगटानेच हलते. अकाबाला विमान उतरवलं ते इतकं हलकं की चाकं टेकली कधी कळलंच नाही. अबू रामीला मनातल्या मनात माफ केलं.

सोमवार, १४ ऑक्टोबर

थ्रॉटल पुन्हा घट्ट. हे कसं?

गुरुवार, १७ ऑक्टोबर

सोमवारी सैल केला, मंगळवारी घट्ट. मंगळवारी सैल केला, काल घट्ट. म्हणजे स्क्रूचे आटे गेलेले असणार, माल आधीच सदोष असणार. थ्रॉटल पिशवीत घालून लॅबमधून परस्पर अबू रामीकडे गेले. त्याने भिंग लावून पाहिलं. मरमियाच्या पाल्याचा चहा पुढे केला आणि म्हणाला, "पोरी, स्क्रू आपोआप सैल होतो. आपोआप घट्ट होणारा स्क्रू अजून कुणी बनवला नाही. बनवला तर मला सांग, मी एजन्सी घेतो."

बसमध्ये सगळा रस्ता तेच डोक्यात. स्क्रू आपोआप घट्ट होत नाही.

म्हणजे घरातलं कुणीतरी.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

आईला विचारलं. विचारायला नको होतं.

"मी? त्या खेळण्यावर मी फडकंसुद्धा मारत नाही, शॉक बसेल म्हणून! तुझ्या वाटेत मी खिळे पेरते, असं वाटतं तुला?"

पण कुवेतवाल्या मावशीशी फोनवर हीच म्हणाली होती ना, "थांब गं थोडी, नोव्हेंबर संपू दे, येईल ताळ्यावर"? मी ऐकलं आहे. हे तिला बोलून दाखवलं. ती रडली. दुपारी मकलूबा ताटात उलटवताना भांडं इतकं जोरात आपटलं की भाताचा घुमट फुटला. कुतैबाने मात्र दोनदा वाढून घेतलं.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

काल लॅबला जायच्या आधी स्क्रूच्या डोक्यापासून खालच्या पट्टीपर्यंत नखरंगाची बारीक रेघ ओढली. लाल. सरळ.

आज आले तर रेघ तुटलेली. स्क्रूवरचा तुकडा एकीकडे, पट्टीवरचा दुसरीकडे. मी वेडी नाही.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

आता स्टिकसुद्धा. ग्रीस लावून लोण्यासारखी केलेली, आज पुन्हा दगड. टोपी वर ओढून पाहिलं तर आतली स्प्रिंग माझी नव्हेच, जाड आहे. खोक्यात एक जादा जाड स्प्रिंग आली होती, ती खोक्यात नाही.

हे आईचं काम नाही. तिला चष्म्याशिवाय सुई ओवता येत नाही, ती चार बारीक स्क्रू काढून स्प्रिंग बदलेल? बाबा सकाळपासून पडद्यांच्या दुकानात. उरलं कोण? जो दुपारपर्यंत घरी असतो. जो संध्याकाळी मोबाइलच्या दुकानात बसून दिवसभराचे बिघडलेले फोन उघडतो, ज्याच्या खिशात बारीक पेचकस कायम असतात.

मला आधीच माहीत होतं. लिहायचं नव्हतं एवढंच.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

सकाळी नाश्त्याला सगळे होते. मी जाड स्प्रिंग काढून झातरच्या मसाल्याच्या वाटीशेजारी ठेवली.

"कुतैबा, हे काय आहे?"

"स्प्रिंग."

"माझ्या स्टिकमध्ये कुणी घातली?"

तो पाव तोडत राहिला. "मला काय विचारतेस? तुझं विमान, तू वैमानिक."

"स्क्रू रोज कोण आवळतं?"

"जिन्न असेल. घरात बायका एवढ्या भांडतात, यायचाच."

माझा तोल गेला. म्हटलं, "तू पडलास म्हणून मीही पडायला हवं ना? डोळे म्हणे! डोळे चांगले आहेत तुझे. हात कमी पडले होते तुझे, सगळ्यांना माहीत आहे."

सगळ्यांना माहीत होतं, पण बोललं कुणी नव्हतं. बाबांनी पेला खाली ठेवला. मला वाटलं मला मारतील. ते एवढंच म्हणाले, "भावावर आळ घेतेस, पुरावा आहे?" आणि मग कुतैबाकडे बघून, "आणि तू. खरं असेल तर मला तुझं तोंड बघायचं नाही."

कुतैबा उठला, हात धुतले, जाकीट घालून बाहेर गेला. नाही म्हणाला नाही. हो पण म्हणाला नाही.

आई मला म्हणाली, "आता बरं वाटलं?"

नाही वाटलं.

शनिवार, २६ ऑक्टोबर

ठरवलं. मी सैल करणारच नाही. जाड स्प्रिंग स्वतःच परत बसवली, स्क्रू स्वतःच आवळला, त्याने आवळला असता त्याच्याहून थोडा जास्त. खोलीचं दार सताड उघडं ठेवून जाते. ये, घट्ट कर. तशीच उडवेन.

रविवार, ३ नोव्हेंबर

हात भरून येतो. लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या लावताना बोटं थरथरतात. पण एक कळलं. जोर खांद्यातून लावला की विमान वेडंवाकडं जातं. कोपर टेबलावर टेकवायचं, मूठ सैल धरायची, आणि ढकलायचं नाही, स्टिकवर हळूहळू वजन टाकायचं. थ्रॉटल सुटायच्या आधी किंचित कुरकुरतो. ती कुरकुर बोटाला लागली की तिथेच थांबायचं.

दर शुक्रवारी उघडून जुनं ग्रीस पुसते, नवं लावते. घट्ट असावी, पण खरखरीत नको. धूळ बसली तर घट्टपणा सगळीकडे सारखा राहत नाही.

कुतैबा माझ्याशी बोलत नाही. बाबा त्याच्याशी बोलत नाहीत.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

आईने न विचारता माझं मनगट हातात घेतलं आणि ऑलिव्हचं तेल चोळलं. म्हणाली, "पुरुषासारखी झालीत ही बोटं." पण चोळत राहिली. मी तिची माफी मागितली. "कशाबद्दल?" म्हणाली. तिला आठवत होतं, मला ठाऊक आहे.

कुतैबा जिन्यात भेटला. भिंतीला लागून वाट दिली. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते वाचता आलं नाही. काहीतरी अजून शिजवत असेल. परीक्षेचं प्रवेशपत्र उशीखाली घेऊन झोपते.

रविवार, २४ नोव्हेंबर

सविस्तर लिहायला हवं.

आत जायच्या आधी एका कागदावर सही घेतली, की आतली यंत्रं कशी आहेत ते बाहेर कुणाला सांगणार नाही. मग ओळीने यंत्रं. माझ्या आधीचा इर्बिदचा उंच मुलगा बाहेर आला तो हात झटकत. "ती स्टिक आहे की पहार?" त्याच्यामागून आलेली मुलगी रडत होती. म्हणाली, घरी एवढा सराव केला, इथे हललीच नाही.

मी बसले. स्टिकला हात लावला.

घरचीच होती. तेवढीच घट्ट, उलट किंचित सैलच. थ्रॉटल तसाच कुरकुरला. कोपर टेकलं, मूठ सैल सोडली. ठिपका पळत होता आणि फुली त्याच्यावर बसलेली होती. मधेच लक्षात आलं — कुतैबा इथे बसला होता. याच खुर्चीत. त्याला माहीत होतं. सही केलेली, म्हणून सांगता येत नव्हतं. सांगायचं तर कशामुळे पडलो तेही कबूल करावं लागलं असतं. म्हणून रोज येऊन गुपचूप स्क्रू आवळत होता. आणि मी त्याला सगळ्यांसमोर नागवं केलं.

संध्याकाळी निरोप आला. निवड झाली.

जेवताना मी सगळं सांगितलं. कुतैबाच्या कपाळाचं चुंबन घेतलं, म्हटलं, "माझी निवड याने केली. मी आंधळी होते." आई ओढणीने डोळे पुसत होती. बाबा उठले. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्याचं डोकं छातीशी धरलं. म्हणाले, "माझ्या मुला, तोंडातून एक शब्द तरी काढायचास." कुतैबाने खाली बघून घास चिवडला. केवढा हा संकोच!

मी किती संशयी आहे. स्वतःची लाज वाटली.

सोमवार, २५ नोव्हेंबर

दुपारी कुतैबा माझ्या खोलीत आला. उभाच राहिला. म्हणाला, "आमच्या वेळी तिथली स्टिक सैल होती. लोण्यासारखी. यंदा बदलली असेल, मला काय माहीत. तू पडावीस म्हणूनच आवळत होतो."

मी विचारलं, मग आता कशाला सांगतोस?

"बाबा आज दुकानात जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले. तो हात मला पेलत नाही. संध्याकाळी त्यांनाही सांगतो."

मी म्हटलं, नको सांगूस. ठेवू देत हात.