आपोआप शिकणारी नात

ती. आईस नमस्कार,

आम्ही मजेत आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? नुसतं ‘बरे’ लिहून बोळवण करू नकोस.

तुझी नात सरकारी शाळेत रुळली. गणितं सगळ्यांच्या आधी सोडवायची, म्हणून बाई बक्षीस देत: आणखी तसलीच वीस गणितं! शेवटी पोरगी मुद्दाम चुकायला लागली. मी तशीच शाळेत गेले.

बाई म्हणाल्या, “हुशार मुलं काय, आपोआप शिकतात.”

“मग घरीच ठेवते. पदवीही आपोआप मिळेल!”

बाई हसल्या, पण गणिताच्या तासाला तिला वरच्या वर्गात बसवू लागल्या.

काल उड्या मारत घरी आली. “आई, आज मला एक गणित आलंच नाही!”

नापासांच्या आपल्या घराण्यात या बातमीवर पेढे पहिल्यांदाच वाटले.

तुझी तिखट,
थोरली