खाडीतल्या बिळांची वही

प्रिय ताई,

रागात लिहितोय, अक्षराकडे बघू नकोस. फोनच केला असता, पण माझा आवाज चढला की तुझी लगेच रेंज जाते. आणि व्हॉइस नोट पाठवली तर तू ती दीडच्या स्पीडने ऐकतेस. हे जरा सावकाश वाच.

शनिवारी तुमच्या विद्याशाखेच्या हॉलमध्ये साउंड लावायला मी येणार, हे मलाच सकाळपर्यंत माहीत नव्हतं. विश्रामदादा म्हणाला, आज हळद नाही, सायन्सवाल्यांची कार्यशाळा आहे, आवाज कमी आणि जेवण चांगलं. त्याच्याकडे मला चार महिने झाले, एका जागी टिकायचा हा माझा रेकॉर्ड. त्याआधी अलिबागला बोटीवर होतो, त्याआधी साताऱ्याला एका माणसाची मधमाश्यांची खोकी... जाऊ दे, ते भेटल्यावर. डोंबिवलीला गोडाऊनमध्ये स्पीकरच्या खोक्यांवर गादी टाकून झोपतो, मजेत आहे, आईला सांग.

तर स्टेजवर बॅनर होता, 'प्रत्यक्ष क्षेत्रातील संशोधन कसे करावे', आणि त्यावर तुझ्या गाईड सरांचा फोटो. मी विश्रामदादाला म्हटलं, हा माणूस कधी चिखलात उतरलाय का? तो म्हणाला, तू वायर बघ. वायरच बघत होतो गं. पण डोळे वर गेले की तू दिसायचीस. साडी नेसून, शालींचं तबक धरून उभी. एक पाहुणा, एक शाल, एक रोप, एक फोटो. असे सात झाले. मुलांना बोलायला ठेवलेला अर्धा तास त्यातच संपला. दोन वर्षं पीएच.डी. करून तबक धरायचं असतं होय?

मग सरांचं भाषण. तिसरीच स्लाइड, आणि मी हातातला माइक टेबलावर आपटला. सगळ्यांनी मागे वळून पाहिलं, तू सोडून. पडद्यावर आपली चौकट होती, ताई. चिखलावर ठेवून आतली खेकड्यांची बिळं मोजायची ती, मी पाइपचे तुकडे जोडून केलेली, एक मीटर बाय एक मीटर, एक कोपरा भगवा, कारण पांढरा जॉइंट संपलेला. आणि चौकट धरलेला हात माझा! अंगठ्याचं नख काळं. कोपरीच्या खाडीत ज्या दिवशी खेकड्याने धरलेलं त्याच दिवशीचा फोटो. मी बोंबलत होतो आणि तू म्हणत होतीस, हलवू नकोस, फोटो हलतोय. सर म्हणाले, ही आमची स्वतःची रचना, अत्यंत कमी खर्चात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताई, तू पण वाजवल्यास. काखेत तबक धरून.

सर खाडीवर एकदाच आलेले. पांढरे बूट घालून बांधावर उभे राहिले, तिथूनच 'छान छान' म्हणाले आणि ट्रॅफिक लागेल म्हणून गेले. आपण दोन वर्षं ओहोटीच्या वेळा बघून उतरत होतो, मी साताऱ्याहून, अलिबागहूनही सुट्टी टाकून यायचो. तू चिखलात वाकून मोजायचीस, मी बांधावर बसून तू ओरडशील तो आकडा लिहायचो. बारावी नापास माणसाचं सगळ्यात नीट झालेलं काम तेच.

पण माझं खरं डोकं फिरलं ते पुढे. कोणतं बीळ चालू आणि कोणतं रिकामं हे आपल्याला कळत नव्हतं, पहिला महिनाभर आपण सगळीच मोजत सुटलेलो. मग कोळीवाड्याच्या रंभा मावशीने तुला हाताला धरून दाखवलं. 'तोंडावरचा चिखल वला हाय ना पोरी, म्हंजे मालक घरान हाय.' आपण किती हसलेलो. तू तिथेच ठरवलंस की प्रबंधात मावशीचं नाव घालायचं, आणि ती खेकड्यांची टोपली पुढे करत म्हणाली, नाव नको, चिंबोऱ्या घेऊन जा. ते वाक्य सरांनी वापरलं. शुद्ध मराठीत. 'मला हळूहळू जाणवलं, मालक घरी आहे!' अख्खा हॉल हसला. मावशीचा जोक, ताई! तोही सोडला नाही.

प्रश्नोत्तरांना माइक फिरवायला मीच होतो. तिसऱ्या रांगेत तुझ्यासमोर येऊन मी तो धरला. चालू होता, हिरवा दिवा लागलेला. तू नको म्हणून मान हलवलीस. एवढीशी. मला माहितीये, सही त्यांची लागते, त्यांच्या सहीशिवाय दोन वर्षं पाण्यात. वर्तकनगरच्या खोलीत आई तुझ्या नावापुढे डॉक्टर लावून बघते तेही माहितीये. तरी राग आला. तुझा आला असं गोडाऊनवर येईपर्यंत वाटत होतं. मग लक्षात आलं, माइक माझ्या हातात होता. हात माझा, चौकट माझी, दिवा हिरवा. मी काय केलं? चौथ्या रांगेत गेलो. कोणीतरी प्रमाणपत्रं कधी मिळणार विचारलं.

आणि काल तुझा मेसेज. 'सुम्या, बिळांची वही तुझ्याकडे राहिलीये. सोमवारी सरांना मूळ वही द्यायचीये, पेपर त्यांच्या नावाने जातोय. माझे आभार मानणारेत.' आभार!

मेसेज वाचल्यापासून मी चिडून इथे बसलोय, आणि एव्हाना तुझ्या लक्षात आलं असेल की हे सुट्या कागदावर नाहीये. बिळांच्या वहीतच लिहितोय, शेवटच्या दोन कोऱ्या पानांवर, आकडे लिहायचो त्याच पेनाने. वही मधोमध पिना मारलेली आहे. ही पानं फाडलीस तर त्यांना जोडलेली पहिली दोन पण सुटून येतील, म्हणजे पहिल्या दोन दिवसांचे आकडे आणि रंभा मावशीचा अंगठा, तू नंतर हौसेने पहिल्या पानावर उठवून घेतलेला. तेव्हा सोमवारी सरांना वही द्यायचीच असेल, तर माझ्या पत्रासकट दे, वाचू देत त्यांना. नाहीतर देऊच नकोस. त्यानंतरच्या शनिवारी कार्यशाळेचा दुसरा दिवस आहे, साउंड आमचाच आहे, आणि वहीच्या पहिल्या पानाचा फोटो मी मोबाइलमध्ये काढून ठेवलाय. मी परत तिसऱ्या रांगेत येईन. तू मान हलवलीस तर या वेळी चौथ्या रांगेत जाणार नाही. तिथेच उभा राहून, वर लिहिलेल्या ओहोटीच्या वेळेपासून, पहिलं पान वाचायला घेईन.

तुझाच, काळ्या नखाचा,
सुमित