पाठीवरची तीट

मंगळवार, मुरबाड

शिबिरातली बाळांची तपासणी संपवून खोलीवर आले, तरी कल्पनाचं ते एक वाक्य डोक्यातून जात नाही.

तिची मुलगी आठ महिन्यांची. कमरेच्या जरा वर, मणक्यावर काजळाची मोठी तीट. गालावर ठीक, पण पाठीवर कशाला? पुसायला गेले, तर कल्पनाने माझा हात धरला. "पुसू नका मॅडम, दृष्ट लागंल. तिथं जल्मापासून भोक हाय."

म्हणजे झाकायलाच लावलेली. पुसली. खाली खळगा, भोवती केसांचा झुपका. डावं पाऊल कमी हलतं. आत मज्जारज्जू अडकलेला असावा. एमआरआयशिवाय खात्री नाही. मोजमाप घेतलं, फोटो काढला, ठाण्याच्या इस्पितळाची चिठ्ठी दिली. उशीर झाला तर पायातली ताकद जाईल, हेही सांगितलं.

"मी ठान्याला कदी गेली नाय. तुमी येशाल संगं?"

"माझं काम इथवरच असतं."

"घरी कोन वाट बघतंय तुमची?"

"कोणी नाही."

"मंग चला की!" ती हसली.

मी म्हटलं, "बघते."

इथे "बघते" म्हणून गेलेली आई सहसा परत येत नाही. हे मला ठाऊक आहे, तिलाही. तिने मुलीच्या पाठीवर पुन्हा तीट लावली, झबलं खाली ओढलं आणि उठता उठता म्हणाली, "मंग मी पन बघते."

कोन वाट बघतंय तुमची. एवढं का लागावं ते?

सकाळी तिच्या गावच्या आशाताईंकडून तिचा नंबर घ्यायचा. येते, असं सांगायचं. बघते नाही.