पाठराखिणींची शेड

लिलाँग्वे, ४ मार्च

चि. तियामिके हिस दादाचे अनेक आशीर्वाद.

रागाव, पण शेवटपर्यंत वाच. सरोवरकाठची सहा लहान प्रसूतिगृहं बंद करून सगळी बाळंतपणं तुझ्या इस्पितळात आणायची माझी योजना आरोग्य खात्यात मंजूर झाली. मोठ्या कंपन्या हेच करतात: पसारा आवरायचा, जिथे हात बसलाय तिथेच काम वाढवायचं, गिऱ्हाइकाच्या उपयोगी नसेल ते काढायचं. इस्पितळामागची शेडही पाडू. तिथे रुग्ण कोणी नसतोच. नव्या वीस खाटा मावतील. आपली आई बाळंतपणात गेली. हे मी धंदा म्हणून करत नाही, एवढं तरी मान.

भांडणासकट लोभ आहे.
लिंबानी

चिंगोंबे, २० मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

तू पाडणार त्या शेडमध्ये पाठराखिणी राहतात, रुग्णासोबत आलेल्या घरच्या बायका. इस्पितळ औषध देतं, जेवण नाही. मक्याच्या पिठाची न्सिमा शिजवते ती पाठराखीण, अंग पुसते ती, मी एकटी नर्स तिसऱ्या वॉर्डात अडकले तर मला ओढून आणते तीच. राजधानीत राहून इतकं विसरलास? आपल्या आत्याच्या एस्नातचे दिवस मेअखेर भरतात. आत्या विचारते, चूल नाही तिथे लेकीला सोडू, ती काय बाजारातली शेळी आहे? शेड तेवढी वाचव.

रागावलेय, तरी तुझीच,
तियामिके

लिलाँग्वे, ११ एप्रिल

चि. तियामिके हिस आशीर्वाद.

बैठकीत विषय काढला. शेडमुळे किती जीव वाचतात, असं एकाने विचारलं. माझ्याकडे आकडा नव्हता. मी खाली बसलो. शेड या महिन्यात पडेल; पुढच्या वर्षी उपाहारगृह करू म्हणतात. तोवर एस्नातला तू समजाव, तुझं ऐकेल.

माया कमी करू नकोस.
लिंबानी

चिंगोंबे, २ जून

दादा,

परवा एस्नात गेली. घरीच. रक्त थांबेना, होडी मिळायला सकाळ झाली. मुलगी झालीय, बरी आहे. मी दोनदा समजवायला गेले होते. दोन्ही वेळा आत्याने एकच विचारलं, मी निजायचं कुठे, शिजवायचं कुठे.

आमच्या फळ्यावर लिहिलंय: या तिमाहीत एकही बाळंतीण दगावली नाही.

तियामिके

लिलाँग्वे, १९ जून

प्रिय तियामिके,

तो फळ्यावरचा आकडा माझ्याच अहवालात गेला. त्यावरून योजना आणखी सात जिल्ह्यांत न्यायचं ठरत होतं. काल मी उभा राहून सांगितलं, घरी मेलेल्या बायका आपण मोजल्याच नाहीत, त्यांतली एक माझी आतेबहीण. अध्यक्षीणबाईंनी हळहळ व्यक्त केली, मग पुढचं पान उघडायला सांगितलं. सातही जिल्हे मंजूर झाले.

एस्नात परकी असती तर मी उभा राहिलो असतो का? एप्रिलमध्ये तर खाली बसलो होतो. तेव्हाही ती आपलीच होती.

मला यायचंय. आईमागे आत्यानेच आपल्याला वाढवलं. ती दारात उभं करेल का, विचारून कळव.

लिंबानी

चिंगोंबे, १ जुलै

ती. दादास सा. न. वि. वि.

आत्याला विचारलं. ती बाळाला थोपटत होती. म्हणाली, "येऊ दे. पण जेवायला थांबू नकोस म्हणावं."

तुझी,
तियामिके